काकांची जुनी दुनळी कापायची, घासायची की तशीच ठेवायची?

प्रश्न: काकांची बारा बोरची दुनळी रीतसर कागदपत्रं होऊन माझ्याकडे आलीय. बाहेर घोडे नसलेली, दोन चापांची, दोन्ही नळ्या शेजारी शेजारी. काकांनी भरपूर वापरलीय, डावा हात जिथे धरायचे तिथलं नळीचं काळं पॉलिश पार उडून पांढरं लोखंड दिसतंय, दस्त्यावरची चौकटी नक्षी गुळगुळीत झालीय आणि चापांच्या मागे लाकडाला केसाएवढी चीर आहे. मला हिच्यावर क्ले शूटिंग (हवेत सोडलेल्या तबकड्या फोडायचा खेळ) करायचंय पण पंचवीसातल्या आठ-नऊच फुटतात. मित्र म्हणतात दोन्ही चोक (नळीच्या तोंडाची गळचेपी) उघडून घे, एक म्हणतो स्क्रू चोक बसव, एक म्हणतो चेंबर (काडतूस बसतं ती जागा) लांब करून ७० चं कर, एकजण तर म्हणतो चार इंच नळी काप आणि वर नवं ब्लूइंग, म्हणजे ते काळं पॉलिश, मार. बायको म्हणते भिंतीवर लावा आणि विषय संपवा. तसं बंदुकीत वाईट काही नाही, फक्त पन्नासेक काडतुसं झाली की अंगठा आपटून आपटून नाक दुखतं आणि गालावर निळा डाग पडतो (काका माझ्या खांद्याला लागायचे, मी उंच आहे), पण जुन्या बंदुकीचं ते चालायचंच. काय काय करून घेऊ? – द्विधा

उत्तर:

नमस्कार द्विधा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मीपण तुमच्या मित्रांसारखाच नळ्यांकडेच बघत बसलो, चोक किती असेल, चेंबर किती असेल वगैरे वगैरे. दुसऱ्यांदा वाचताना ती शेवटची नाकाची ओळ दिसली आणि म्हटलं अहो हे चालायचंच काय, हेच तर दुखणं आहे! अंगठा नाकावर आपटतोय म्हणजे दस्ता तुम्हाला आखूड होतोय, आणि गालावर डाग पडतोय म्हणजे दस्त्याची वरची कड तुमच्या गालाला नीट टेकत नाहीये, तुम्ही मान लांब करून, डोकं वाकडं करून गाल तिच्यापर्यंत नेताय आणि धक्का बसला की ती कड येऊन लागतेय. काका तुमच्या खांद्याला लागायचे असं तुम्हीच लिहिलंय की. त्यांच्या हाताच्या मापाची ती बंदूक आहे, तुम्ही त्यांचा शर्ट घालून फिरताय आणि मित्र म्हणतायत बुटाला पॉलिश कर. रोग रेड्याला अन् औषध पखालीला म्हणतात ते हेच.

छऱ्याच्या बंदुकीला रायफलसारखी मागची साइट नसते, तुमचा डोळा हीच मागची साइट. डोळा जरा खाली गेला की मार खाली जातो, डोळा बाजूला गेला की मार बाजूला. जुन्या बऱ्याच दुनळ्यांच्या दस्त्याला उतार जास्त असायचा त्यामुळे त्या खालीच मारतात, आणि क्ले बहुतेक वेळा वर चढत असते, म्हणजे तुम्ही खालून छर्रे सोडताय आणि वरून तबकडी निघून जातेय. यात चोकचा काय दोष? चोक उघडून पसारा थोडा वाढेल, दोन-चार जास्त फुटतील, तुम्ही खूश व्हाल आणि मूळ चूक तशीच राहील, वर नळीतलं लोखंड गेलं ते गेलंच.

माझा सगळा सल्ला याच एका गोष्टीवर उभा आहे बघा, की जे परत काढता येतं ते आधी करा आणि ज्यात लोखंड कमी होतं ते सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा ते शेवटचं करायची वेळच येत नाही.

पण दस्त्याकडे यायच्या आधी एक विचारतो, आणि याचं उत्तर मिळेपर्यंत बंदूक कपाटात ठेवा. काडतुसं कुठली वापरताय? तुमच्या मित्राने चेंबर ७० चं कर म्हटलं, म्हणजे त्याला कुठेतरी ६५ चा आकडा दिसला असणार. जुन्या बारा बोरच्या कितीतरी बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं म्हणजे अडीच इंच, आणि आज जे सर्रास मिळतं ते काडतूस ७० मिलिमीटरचं म्हणजे पावणेतीन इंच. आता यातली गंमत अशी, गंमत कसली, फसवणूकच ती, की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अगदी आरामात जातं! बंदूक मस्त बंद होते. कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंडाची घडी पूर्ण उघडल्यावरची असते, न उडालेलं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं. बार उडाला की ती घडी उघडते पण चेंबर तर संपलेलं असतं, पुढे नळी निमुळती होत जाते, तिथे ती घडी अडकते, छर्रे आणि वॅड (छऱ्यांमागचा बोळा) त्या अरुंद जागेतून घुसतात आणि आतला दाब वाढतो. एका बारात काही होईलच असं नाही, म्हणून तर लोक म्हणतात आम्ही वर्षानुवर्षं उडवतोय काही नाही झालं. पण चापांमागची ती चीर आहे ना, ती अशा जोरकस काडतुसांनी आलेली असू शकते, नुसत्या म्हातारपणाने नाही.

तर बंदूक आधी रिकामी आहे का दोनदा बघा, नळ्या सोडवा आणि उलट्या करा. चेंबरच्या खाली जो सपाट भाग येतो तिथे बारीक बारीक ठसे दिसतील, मुकुट, अक्षरं, आकडे. ते कारखान्याचं डिझाइन नाही, प्रूफ हाउसचे शिक्के आहेत, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम उडवून नळी टिकते का हे तपासलेलं असतं. लंडनमध्ये हे काम १६३७ पासून चालत आलंय, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. तिथे ६५, ७०, २½ असं काहीतरी कोरलेलं असेल, नळीच्या आतल्या व्यासाचा आकडाही असेल, बारा बोरला तो साधारण १८.५ मिलिमीटर असतो. फोटो काढून गनस्मिथला दाखवा. त्यालाच विचारा की हे शिक्के धूर न करणाऱ्या बारुदीचे आहेत का फक्त काळ्या बारुदीचे. नळीवर केसासारखी नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली डमॅस्कस नळी, तिचा हिशोबच वेगळा, पण नुसती नक्षी दिसली नाही म्हणून सुटलो असं समजू नका, कारण काही डमॅस्कस नळ्या वरून काळ्या करून झाकलेल्या सापडतात (आणि उलटही झालंय, साध्या पोलादी नळ्यांवर खोटी नक्षी काढून विकलेल्या!).

मग चेंबर लांब करून घेतलं तर काय बिघडलं? बिघडतं असं की लांब करायचं म्हणजे आतून लोखंड कोरायचं, तेही नेमकं तिथे जिथे दाब सगळ्यात जास्त असतो. नळीची जाडी पुरेशी असेल तर चांगला गनस्मिथ करूही शकतो पण मग बंदूक परत प्रूफला पाठवायला हवी, आणि प्रूफला एखादी जुनी नळी गेली तर गेलीच. त्यापेक्षा ६५ ची काडतुसं मिळतात ती घ्या ना, २४ किंवा २८ ग्रॅम छऱ्यांची हलकी. ऑलिंपिकमध्ये क्लेला २४ ग्रॅमच्या वर परवानगीच नाही आणि ते लोक तुमच्या-माझ्यापेक्षा बऱ्याच जास्त तबकड्या फोडतात. हलक्या काडतुसाने धक्का कमी, गालाला आराम, चिरेला आराम. एक लक्षात ठेवा, नेहमीची स्टीलच्या छऱ्यांची काडतुसं जुन्या घट्ट चोकच्या नळीत घालू नका, शिसं मऊ असतं ते दबून निघून जातं, स्टील दबत नाही, मग नळीचं तोंड फुगतं.

आता नळ्यांची प्रकृती. गनस्मिथकडे जाडी मोजायचं गेज असतं, त्याने दोन्ही नळ्या पूर्ण लांबीभर मोजायला लावा. पुढच्या पातळ भागात साधारण ०.५ मिलिमीटर ही शेवटची रेघ मानतात, त्याच्या खाली गेली तर पुढचं काहीच बोलायला नको, बायको म्हणते ते बरोबर, आतले भाग काढून भिंतीवर. वापरून वापरून नळी झिजत नाही फारशी, ती पातळ होते ती मालकांच्या हौसेने, आतले गंजाचे खड्डे घालवायला कुणीतरी घासून घेतं, दहा वर्षांनी परत कुणीतरी घासतं, बाहेरून पॉलिश करताना वेगळंच जातं. तुमच्या आधी हे किती वेळा झालंय ते बघून सांगता येत नाही, मोजावंच लागतं.

दोन गोष्टी घरी करून बघता येतील. नळ्या सोडवल्यावर खालच्या हुकात दोरी अडकवून लटकवा आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. घंटेसारखा लांब आवाज आला तर दोन नळ्यांना जोडणारी पट्टी नीट बसलेली आहे, थप्प असा मेलेला आवाज आला तर डाख कुठेतरी सुटलाय. दुसरं म्हणजे पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा आणि नळ्या आणि दस्ता धरून हलवून बघा, बिजागरीत खडखड जाणवली तर ती सैल झालीय. ही दुरुस्ती आहे, मॉडिफिकेशन नाही, आणि करायलाच लागते. चिरेचंही तेच. ती चीर भरून घ्या, पण आधी लाकडात मुरलेलं तेल काढून मगच, नाहीतर गोंद धरत नाही. बंदूक वर्षानुवर्षं नळी वर करून ठेवली की तेल उतरत उतरत दस्त्याच्या गळ्यात जातं आणि लाकूड मऊ पडतं, काकांचीही तशीच ठेवलेली असणार, सगळेच ठेवतात. यापुढे तोंड खाली करून ठेवा. दोन्ही चापही तपासून घ्या, जुन्या दुनळीत आतली खाच झिजली की एक चाप दाबला तर धक्क्याने दुसरी नळीही उडते, आणि सेफ्टीवर भरवसा नको कारण बऱ्याच दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही.

ब्लूइंगबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय कारण तिथे माझे हात पोळलेत. माझ्याकडे एक अशीच दुनळी होती, नळ्या तपकिरी-पांढऱ्या झालेल्या, मला वाटलं चकचकीत करू, आणि एका ठिकाणी दिल्या जिथे रायफलींना सुंदर काळा रंग देतात. आठवड्यात परत आल्या, काय दिसत होत्या! सगळ्यांना फोटो पाठवले. चार-पाच महिन्यांनी मधल्या पट्टीच्या कडेने एक बारीक पांढरट रेघ दिसायला लागली, पुसली, परत आली, परत पुसली, मग ती तपकिरी झाली. टिचकी मारली तर थप्प. झालं असं होतं की रायफलींचं ते ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि क्षारांच्या साधारण १४० अंशांच्या उकळत्या पाण्यात बुडवणं. डाख तेवढ्या उष्णतेने वितळत नाही, पण तो कॉस्टिक त्याला खातो, वर पट्टीच्या खाली पोकळीत शिरून बसतो आणि महिनोन्‌महिने बाहेर पाझरत राहतो. एकनळीला ते चालतं, दुनळीला नाही. दुनळीला गंज चढवून, उकळून, ब्रशने पुसून, परत गंज चढवून असं दिवसचे दिवस चालणारं संथ काम लागतं, ते येणारा माणूस शोधावा लागतो. पट्ट्या परत बसवायला मला जो खर्च आला तो सांगत नाही, आणि चूक माझीच होती, मी विचारलंच नव्हतं.

आणि तुमची बंदूक पांढरी पडलीय ती फक्त हाताच्या जागी. ती गंजलेली नाही ना? मग तेलाचं बोट फिरवा आणि सोडून द्या. तिथे काळं केलंत तरी दोन वर्षांत तुमच्या घामाने परत पांढरं होईल. दस्त्यावरही काचपेपर लावू नका प्लीज, लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे लाकूड केसभर वर असायला हवं, घासलं की ते खाली जातं आणि ती पायरी कुठल्याच पॉलिशने लपत नाही. नक्षी गुळगुळीत झालीय ती मात्र जुन्याच रेघांवरून परत कोरून घेता येते, पकड सुधारते, चीर भरल्यावर करा हवं तर.

चोकचं गणित एकदा नीट बघून घेऊ म्हणजे मित्रांना उत्तर देता येईल. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली किंचित गळचेपी, फुल चोकला साधारण १ मिलिमीटर, हाफला अर्धा, क्वार्टरला पाव. ४० यार्डावर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात फुल चोकचे सुमारे ७० टक्के छर्रे पडतात, हाफचे ६०, क्वार्टरचे ५५. २८ ग्रॅमच्या साडेसात नंबरच्या काडतुसात साधारण साडेतीनशे छर्रे धरले तर फुलचे २४५ विरुद्ध क्वार्टरचे साधारण १९०. पण तुम्ही २० यार्डावर मारत असाल तर फुल चोकचा पसारा जेमतेम सव्वा-दीड फूट असतो, हाफ-क्वार्टरचा त्याहून मोठा, म्हणजे मित्र अगदीच चुकीचे नाहीत, जवळच्या क्लेला घट्ट चोक त्रास देतो हे खरंच आहे. फक्त त्याला इलाज काडतुसातही आहे. मुद्दाम पसरणारी काडतुसं मिळतात, साध्या फायबर वॅडची आणि मऊ शिशाची घेतली तरी पसारा थोडा वाढतो, आणि नाही आवडलं तर पुढच्या वेळी दुसरा डबा. बहुतेक जुन्या दुनळ्यांत दोन नळ्यांचे चोक वेगवेगळे असतात, एक मोकळा एक घट्ट, तुमची कुठली कशी आहे ते तरी मोजलंय का कुणी? की न मोजताच उघडायला निघालात?

स्क्रू चोकला नळीच्या तोंडाशी आटे पाडायला जाडी लागते, जुन्या दुनळीत ती सहसा नसतेच. आणि नळी कापणं तर सोडूनच द्या. चोक शेवटच्या दोन-अडीच इंचांतच असतो, चार इंच कापलेत की चोक शून्य, तोल मागे गेला, दोन नळ्यांच्या मधली पोकळी तोंडाशी उघडी पडली, आणि दोन नळ्या एकाच ठिकाणी माराव्यात म्हणून ज्या कोनात जुळवलेल्या असतात ते गणितही गेलं. शिवाय ठराविक लांबीच्या खाली गेलात तर सरळ गुन्हा, अमेरिकेत ती रेघ १८ इंचांवर आहे, ब्रिटनमध्ये २४ वर, तुमच्याकडची बघा, आणि परवान्यावर बंदुकीचं वर्णन असेल तर कुठलाही बदल करायच्या आधी विचारून घ्या.

तुमच्याकडे दुनळीऐवजी एखादी रेमिंग्टन ८७० (अमेरिकन एकनळी पंप बंदूक) असती तर मी इतकी किरकिर केली नसती हं. ती १९५० पासून बनतेय, एक कोटीच्या वर बनल्यात, नळी नाही आवडली तर दुसरी नळी घेऊन पाच मिनिटांत बदलता येते, दस्ता दोन-तीन स्क्रूंचा खेळ, जुनी नळी कपाटात पडून राहते. तिथे खेळा हवं तेवढं. दुनळीत नळ्या, पट्टी, बिजागरी सगळं एकमेकांवर हाताने बसवलेलं असतं, एक हललं की दुसरं हलतं.

आता तुमच्या नाकाकडे. चीर भरून आणि नळ्या मोजून झाल्या, सगळं ठीक निघालं की दस्त्याच्या मागे चढवायचा रबरी किंवा चामड्याचा बूट मिळतो तो घ्या, अर्धा-पाऊण इंच लांबी वाढते, आणि वरच्या कडेला चामड्याची पट्टी बांधून उंची वाढवा, नसेल मिळत तर पुठ्ठ्याचे तुकडे आणि चिकटपट्टी, दिसायला भिकार पण काम चोख. मग रेंजवर मोठा कागद लावा, मधे एक काळा ठिपका, १६ यार्डावर उभे राहा. नेम धरत बसू नका, ठिपक्याकडे बघत बंदूक खांद्याला आणा आणि उडवा, असे आठ-दहा बार एकाच कागदावर. छऱ्यांच्या झुंबडीचा मध्य ठिपक्यापासून किती लांब आहे ते मोजा. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक यार्ड अंतर असतं, म्हणजे १६ यार्डावर १ इंचाची चूक ही दस्त्यात १/१६ इंचाची चूक. चार इंच खाली लागतंय? पाव इंच पुठ्ठा वाढवा. दोन्ही नळ्यांचं वेगवेगळं बघा.

पुठ्ठ्यावर माप जमलं की त्या मापाने दीडेकशे क्ले मारा, गाल-नाक काय म्हणतंय ते बघा. लाकूड जोडून कायमची लांबी वाढवायची की बुटावरच भागवायचं ते तेव्हा ठरवू. आणि त्यानंतरही जवळच्या क्ले निसटत असतील तर एकाच नळीचा, फक्त एकाच, चोक थोडा उघडायचं बोलता येईल. जाडीचे आकडे आणि ते शिक्क्यांचे फोटो आले की पाठवा, दोन्ही नळ्यांचे, आणि १६ यार्डाचा कागद फाडून टाकू नका, त्याचाही फोटो लागेल.